चिलटाचं म्हातारपण: कंपवाताचा शोध काचेच्या कुपीत कसा घेतात

मे महिन्यात कोकणात मागीलदारी फणस फोडला, की तासाभरात चारखंडांवर चिलटं जमतात. विटकरी डोळे, पिवळट तपकिरी अंग, लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. हात हलवला की उठतात आणि पुन्हा तिथेच येऊन बसतात. हेच चिलट, म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, गेली शंभरहून अधिक वर्षं प्रयोगशाळेत पाळलं जातं. म्हातारपणी मेंदूच्या पेशी का मरतात, याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंच आधी त्याच्यात दिसलं.

एक गोंधळ आधी मिटवूया. आंबा बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती ही नव्हे. ती बॅक्ट्रोसेरा. ती झाडावरच्या तयार होत आलेल्या आंब्याच्या सालीत अंडी घालते, आणि तिच्या बंदोबस्तासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'रक्षक' सापळा तयार केला. चिलट धडधाकट फळाच्या वाटेला जात नाही. त्याला हवं असतं ते फळ आंबायला लागल्यावर त्यावर वाढणारं यीस्ट. बातम्यांमध्ये दोघींनाही 'फळमाशी' छापतात, म्हणून या लेखात चिलट हाच शब्द ठेवला आहे.

आता मेंदूकडे. कौलारू घरात पावसाआधी कौलं परततात. फुटकी काढायची, पन्हळीत साठलेला पाला उपसायचा, सरकलेली कौलं जागेवर बसवायची. एखाद्या वर्षी हे राहिलं तर एका कोपऱ्यात टिपूस गळते. चार वर्षं राहिलं तर वासा कुजतो. आपल्या पेशींतही असंच काम चालतं, फक्त ते वर्षातून एकदा नाही, क्षणोक्षणी. पेशीतली प्रथिनं लांब धाग्यासारखी तयार होतात आणि मग ठरावीक घडी घालून कामाला लागतात. घडी चुकली तर ती सुधारणारी मदतनीस प्रथिनं असतात. सुधारत नसेल तर ते प्रथिन कापून टाकणारं यंत्र असतं, त्याला प्रोटिआसोम म्हणतात. आणि मोठा कचरा पिशवीत गुंडाळून पचवून टाकायची तिसरी सोय असते, ती ऑटोफॅजी. या तिसऱ्या सोयीची जनुकं यीस्टमध्ये शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

वय वाढतं तशा या तिन्ही सोयी मंदावतात. कातडीच्या किंवा आतड्याच्या पेशी सतत नव्याने येतात, त्यामुळे तिथे जुना कचरा पेशीबरोबरच निघून जातो. मेंदूतली बहुतेक चेतापेशी मात्र माणसाएवढीच जुनी असते. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या चेतापेशीही ऐंशी वर्षांच्या. तिथे कौलं परतायचं राहिलं की गळती आतच मुरते.

कंपवातात नेमकं हेच होतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांना अशा रुग्णांच्या चेतापेशींत गोळे दिसले, तेच आजचे लेवी गोळे. ते कशाचे बनलेत हे कळायला १९९७ उजाडलं. मुख्य घटक होता अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं १४० अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. त्याच वर्षी एका इटालियन घराण्यात या प्रथिनाच्या ५३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं सापडलं, आणि त्या घराण्यात कंपवात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूला डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा एक काळसर पट्टा असतो, मार बसतो तो तिथे. हात थरथरायला लागतो तेव्हा तिथल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. अल्झायमरमध्ये प्रथिनं वेगळी, अमायलॉइड-बीटा आणि टाऊ, पण चुकलेल्या घडीची गोष्ट तीच. गोळा स्वतः पेशीला मारतो, की गोळा होण्याआधीचे लहान पुंजके मारतात, यावर अजून वाद आहे. पुष्कळ जणांचा संशय लहान पुंजक्यांवर आहे.

माणसात हे पाहायचं तर साठ-सत्तर वर्षं थांबावं लागतं, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून पाहता येत नाही. चिलट २५ अंशांवर अंड्यापासून दहा दिवसांत प्रौढ होतं आणि साधारण दोन ते अडीच महिने जगतं. त्याच्यात १४ हजारांच्या आसपास जनुकं आहेत, आणि माणसात आजाराशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं त्याच्यात सापडतात. त्याच्या मेंदूचा पुरा नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी मोजल्या आहेत. माणसात त्या सुमारे ८,६०० कोटी.

चिलटात अल्फा-सिन्यूक्लिन मुळातच नसतं. म्हणून माणसाचं जनुक त्याच्यात घालावं लागतं. त्याची युक्ती अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी १९९३ मध्ये दिली. दोन वाण वेगवेगळे पाळायचे. एका वाणात यीस्टमधलं गॅल-४ नावाचं प्रथिन फक्त चेतापेशींत तयार होतं, ही किल्ली. दुसऱ्या वाणात माणसाचं जनुक असतं, पण त्याच्या पुढे यूएएस नावाचा तुकडा असतो, हे कुलूप. किल्ली नाही तोवर जनुक बंद. दोन्ही वाण एरवी सुखाने वाढतात. त्यांचा संकर केला की पिल्लांच्या चेतापेशींत, आणि फक्त तिथेच, माणसाचं प्रथिन बनू लागतं. मेल फीनी आणि वेल्कम बेंडर यांनी २००० मध्ये अशी चिलटं केली. वयाबरोबर डोपामिनच्या पेशी घटल्या, लेवी गोळ्यांसारखे गोळे दिसले आणि चिलटांची चढण्याची ताकद लवकर गेली. पुढे काही प्रयोगशाळांना पेशींची घट तेवढी स्पष्ट दिसली नाही. मेंदूचे काप घेऊन मोजणं आणि अख्खा मेंदू रंगवून मोजणं यात फरक पडतो. त्यामुळे आज एकट्या पेशींच्या आकड्यावर कुणी निष्कर्ष काढत नाही, चढणं आणि आयुष्य हे दोन्ही सोबत मोजतात.

संकरासाठी मादी कोरी लागते. मादी एकदा जुगली की ती नराचं बीज साठवून ठेवते आणि पुढची अंडी कुणाची ते सांगता येत नाही. २५ अंशांवर मादी कोषातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास जुगत नाही. म्हणून सकाळी बाटली पूर्ण रिकामी करायची, आणि त्यानंतर आठ तासांच्या आत निघालेल्या माद्या वेगळ्या करायच्या. ताजी मादी फिकट असते आणि तिच्या पोटावर काळसर डाग दिसतो, तो शेवटच्या खाण्याचा. तो दिसला तर मादी कोरी धरायला हरकत नाही. नराचं पोट टोकाला काळं आणि बोथट, शिवाय पुढच्या पायावर बारीक काळी फणी असते. दहा-वीस पटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळं स्वच्छ दिसतं.

आता अन्न, कारण निम्मे प्रयोग इथेच बिघडतात. आपल्याकडे चिलटं पाळायला सर्वांत सोयीचं म्हणजे गूळ-रव्याचं अन्न: एक लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम गव्हाचा रवा, १० ग्रॅम अगर, आणि बुरशी रोखायला साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल. थोड्या पाण्यात अगर आधी पूर्ण विरघळवायचं, मग गूळ, मग थंड पाण्यात कालवलेला रवा सोडून ढवळत राहायचं. गुठळी राहिली तर त्या जागी अन्न घट्ट बसत नाही. दाट शिरा होऊन पळीवरून पातळ धारेने पडू लागलं की गॅस बंद. आम्ल मात्र उकळत्या अन्नात घालू नये, वाफेबरोबर उडून जातं आणि दोन दिवसांत कुपीत बुरशी धरते. अन्न साठ अंशांच्या आसपास येऊ द्यायचं, मग आम्ल घालून नीट ढवळायचं. ते नाकाला आणि कातडीला झोंबतं, त्यामुळे हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. प्रत्येक कुपीत सात-आठ मिलिलिटर पुरे.

हे अन्न वाण सांभाळायला उत्तम, पण आयुष्य मोजायच्या प्रयोगाला नाही. गूळ दर ढेपेला वेगळा निघतो, आणि वरून टाकलेले यीस्टचे दाणे एका कुपीत जास्त, दुसरीत कमी पडतात. चिलटाचं आयुष्य यीस्टच्या प्रमाणावर फार अवलंबून असतं, प्रथिनं जास्त मिळाली तर माद्या अंडी भरपूर घालतात पण लवकर मरतात. म्हणून आयुष्याच्या प्रयोगात गुळाऐवजी तोललेली साखर आणि अन्नात शिजवलेलं तोललेलं यीस्ट वापरावं. साधारण लिटरला ५० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम मक्याचं पीठ, १८ ग्रॅम कोरडं यीस्ट, ८ ग्रॅम अगर. पूर्ण प्रयोगाचा कच्चा माल एकाच वेळी, एकाच पोत्यातला घ्यावा.

जुलैत कोकणात कुपी भरल्या की वेगळीच अडचण येते. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर, अन्नावरचं पाणी सुकत नाही. काचेला आतून घाम येतो आणि चिलटाचा पंख त्या थेंबाला एकदा चिकटला की ते सुटत नाही. भरलेल्या कुप्या मलमलच्या फडक्याखाली सुकवायच्या. हिवाळ्यात एक रात्र पुरते, पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. फ्रिजमधून काढलेली कुपी लगेच वापरली तरी असाच घाम धरतो, म्हणून आधी तासभर बाहेर ठेवायची. असं चिकटून मेलेलं चिलट वयाने मेलं असं धरायचं का? नाही, ते अपघातात गेलं. पण हा नियम प्रयोग सुरू होण्याआधी वहीत लिहिलेला हवा. नंतर ठरवला तर आपल्याला आवडणाऱ्या गटातले मृत्यू अपघात ठरतात, नावडत्या गटातले म्हातारपण.

मोजणीची पद्धत दिसायला साधी आहे. एका कुपीत पन्नास ते शंभर अंडीच वाढू द्यायची. अळ्यांची दाटी झाली तर प्रौढ खुजे निघतात आणि त्यांचं आयुष्यही बदलतं. निघालेली चिलटं दोन दिवस एकत्र ठेवायची, म्हणजे सगळ्या माद्या जुगलेल्या असतात. मग कार्बन डायऑक्साइडने थोडा वेळ गुंगी देऊन नर-मादी वेगळे करायचे. एका कुपीत वीस, एका गटात किमान सहा कुप्या, म्हणजे १२०. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. एका कुपीत जंतू शिरले तर वीसच्या वीस चिलटं दोन दिवसांत जातात, आणि गट लहान असेल तर तेवढ्यानेच निकाल फिरतो. तापमान २५ अंश, आर्द्रता साठ-पासष्ट टक्के, बारा तास उजेड, बारा तास अंधार. दर दोन-तीन दिवसांनी गुंगी न देता, नुसतं ठोकून नव्या कुपीत पाठवायचं आणि मागे राहिलेली मेलेली मोजायची. निसटून गेलेलं चिलट 'मेलेलं' नव्हे. त्या दिवसापर्यंत ते जिवंत होतं, एवढीच नोंद करायची. शेवटी दर दिवशी किती टक्के जिवंत राहिली याची पायऱ्यापायऱ्यांची रेघ निघते. निम्मी मेली तो दिवस म्हणजे मध्यक आयुष्य, आणि दोन गटांच्या रेघांत खरा फरक आहे का ते लॉग-रँक चाचणीने तपासतात. कुप्यांवर गटाचं नाव न लिहिता सांकेतिक आकडे लिहावेत. मोजणाऱ्याला कुठली कुपी कशाची ते शेवटपर्यंत कळू नये.

चढण्याची चाचणी मात्र पाहण्यासारखी असते. चिलटाला खाली पाडलं की ते सहज प्रवृत्तीने वर चढतं. रिकाम्या कुपीवर आठ सेंटिमीटरवर रेघ मारायची, आत दहा चिलटं घ्यायची, आणि कुपी मऊ पट्टीवर तीनदा ठोकायची. सगळी तळाला पडतात. दहा सेकंदांत किती रेघेपार गेली ते मोजायचं. एक मिनिट विश्रांती, पुन्हा, असं पाच वेळा. आदल्या दिवशी गुंगी दिली असेल तर चाचणी करू नये, त्याचा परिणाम उरतो. वेळही रोज तीच हवी, कारण चिलटं पहाटे आणि संध्याकाळी जास्त चपळ असतात.

पाच दिवसांची चिलटं ठोकताक्षणी वर सुटतात, मोबाइलवर चित्रण करून सावकाश मोजावं लागतं. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी साधी, निरोगी चिलटंसुद्धा मंदावतात. चेतापेशींत माणसाचं अल्फा-सिन्यूक्लिन असलेली त्याच वयाची चिलटं पाहिली तर काही अर्ध्यावर थांबतात, एक पाय काचेवर घसरतो, ती पुन्हा तळाला येतात आणि तिथेच पाय हलवत राहतात. प्रयत्न असतो, पण साथ मिळत नाही. कंपवात झालेलं माणूस घरात असेल त्याला हे पाहून वेगळं काही सांगावं लागत नाही.

या फरकावर विश्वास ठेवायचा तर तुलनेच्या कुप्या तीन तऱ्हेच्या हव्यात. फक्त किल्ली असलेली, फक्त कुलूप असलेली, आणि तिसरी किल्लीबरोबर एखादं निरुपद्रवी प्रथिन बनवणारी, उदाहरणार्थ हिरवं चमकणारं जीएफपी. गॅल-४ जास्त झालं तर तेही पेशीला जड जातं. शिवाय किल्लीचा जोर तापमानावर अवलंबून आहे, २९ अंशांवर जास्त, १८ वर कमी. दुपारी वीज जाऊन इन्क्युबेटर ३० वर गेला तर त्या दिवशी आपण नकळत प्रथिनाचा डोस वाढवला असं होतं. ३० अंशांच्या पुढे नर वांझ होऊ लागतात, तो तोटा वेगळाच. तापमानाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र आत असलंच पाहिजे, आणि वाणांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी. चिलटांचे वाण सहज गोठवून ठेवता येत नाहीत, जिवंतच सांभाळावे लागतात. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तशा वेळी दुसरी प्रत हाच आधार.

पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे माइट, अगदी बारीक पांढुरके कोळीवर्गीय जीव. कापसाच्या बोळ्यातून ते एका कुपीतून दुसरीत जातात, चिलटाच्या पोटाला चिकटून प्रवास करतात, अन्न आणि अंडी खातात. अन्नावर मैद्याची धूळ पडल्यासारखं दिसलं आणि ती धूळ हलत असेल तर समजावं. बाहेरून आलेला वाण दोन पिढ्या वेगळ्या खोलीत ठेवायचा, चार आठवड्यांपेक्षा जुनी कुपी टेबलावर राहू द्यायची नाही, आणि फेकण्याआधी प्रत्येक कुपी रात्रभर उणे २० अंशांत ठेवायची. आंब्या-फणसाच्या दिवसांत बाहेरची चिलटंही आत शिरतात. त्यांना ओळखायची खूण डोळ्यांत आहे. घातलेलं जनुक बहुधा पांढऱ्या डोळ्यांच्या वाणात घालतात आणि त्याच्याबरोबर डोळ्याला थोडा रंग देणारी खूण जोडतात, त्यामुळे प्रयोगातल्या चिलटांचे डोळे नारिंगी किंवा पिवळसर असतात. त्यांच्यात विटकरी डोळ्यांचं एखादं दिसलं तर खुणेचा रंगही कधी गडद असतो हे ध्यानात घेऊन वाणाची मूळ नोंद पाहावी. जुळत नसेल तर ती बाटली बाद.

या दिसणाऱ्या चुका. न दिसणाऱ्या जास्त घातक. वॉलबॅकिया नावाचा जिवाणू चिलटांच्या पेशींत मुक्काम करून असतो, आईकडून पिल्लांत जातो आणि आयुष्य बदलतो. एका गटात तो आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर फरक जिवाणूचा, श्रेय जनुकाला. टेट्रासायक्लिनने तो जातो, पण हे औषध पेशीच्या ऊर्जाकेंद्रांनाही दुखवतं, म्हणून त्यानंतर निदान दोन-तीन पिढ्या थांबून मगच प्रयोग करतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे वाणांची पार्श्वभूमी. २००१ मध्ये एका कृमीत आणि २००४ मध्ये चिलटात असं दिसलं, की सर-२ नावाचं जनुक वाढवलं तर आयुष्य वाढतं. रेड वाइनमधल्या रेझव्हेराट्रॉल या घटकाची सगळी चर्चा या जनुकाभोवती वाढली. २०११ मध्ये लंडनच्या डेव्हिड जेम्स यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी तेच वाण पुन्हा तपासले. दीर्घायुषी कृमींत सर-२ शिवाय आणखी एक बदल निघाला, ज्ञानेंद्रियांच्या चेतापेशी बिघडवणारा. वाण साध्या कृमीशी पुन्हापुन्हा जुगवून तो बदल काढून टाकला, आणि वाढलेलं आयुष्य नाहीसं झालं. चिलटांतही योग्य तुलनेचा वाण घेतल्यावर फायदा दिसला नाही. म्हणून आता कुठलंही जनुक एकाच साध्या वाणाशी सहा पिढ्या जुगवून मगच मोजतात. काम तीन महिन्यांनी लांबतं. पण ते टाळलेला निकाल कितीही सुंदर असला तरी त्याच्यावर भार टाकू नये.

औषधाच्या प्रयोगात आणखी एक फसगत आहे. औषध कडू असेल तर चिलट कमी खातं. कमी खाल्लं की, उपासमार होत नसेल तोवर, जास्त जगतं. मग ते आयुष्य औषधाने वाढलं की भुकेने? अन्नात निळा खाद्यरंग घालून, ठरावीक वेळाने चिलटं चुरडून रंग किती उतरला ते मोजतात. औषध ज्यात विरघळवलं ते अल्कोहोल तुलनेच्या गटालाही तेवढंच द्यायचं. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांच्या गटाने आमलकी रसायन आणि रससिंदूर चिलटांना देऊन, हंटिंग्टन (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) आणि अल्झायमरचे नमुने म्हणून तयार केलेल्या चिलटांत चेतापेशींची हानी कमी होते असं २०१३ मध्ये मांडलं. आयुर्वेदाला अशी मोजपट्टी लागणं आवश्यक आहे. पण चिलटात कमी झालेली हानी आणि आजोबांना द्यायचा डोस यांच्या मध्ये उंदीर, विषारीपणाच्या चाचण्या आणि माणसांवरचे तीन टप्पे उभे असतात.

यातला उंदरांचा टप्पा काही औषधं गाठतातही. रॅपामायसिन हे ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं औषध. ते ऑटोफॅजीला चालना देतं. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या साठीच्या वयाच्या उंदरांना दिलं, आणि ९० टक्के उंदीर मरेपर्यंतचा काळ माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढला. २०१० मध्ये चिलटांतही आयुष्य वाढलेलं दिसलं. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात. म्हातारपण लांबवायला ते स्वतःहून घेणं धोक्याचं.

कोकणात हे विशेष सांगायला हवं ते खाजकुयलीमुळे. कुंपणावर वाढणाऱ्या या वेलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, कंपवाताच्या मुख्य गोळीत असतं तेच. कंपवाताचा नमुना म्हणून केलेल्या चिलटांना लेव्होडोपा दिलं तर चढणं सुधारतं. कारण ते मेंदूत डोपामिन होतं आणि गेलेल्या पेशींची उणीव भरून काढतं. मरत चाललेल्या पेशी त्याने वाचतात असा पुरावा नाही. चढण्याची चाचणी लक्षण मोजते, पेशी मोजत नाही. म्हणून चांगल्या शोधनिबंधात चढण्याच्या आलेखाशेजारी मेंदूतल्या पेशींची मोजणी असते. आणि घरी बिया भाजून, कुटून देणं टाळावं, कारण दर बीमध्ये लेव्होडोपाचं प्रमाण वेगळं असतं. गोळी चालू असताना त्यात भर पडली तर रक्तदाब उतरून तोल जातो, भास होतात, हातपाय वेडेवाकडे हलतात. दिलीच असेल तर डॉक्टरांना सांगावं, लपवू नये.

माणसाचं जनुक घातलेली चिलटं ठेवायला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. पण म्हातारपणाचा साधा प्रयोग कुठल्याही कोकणातल्या महाविद्यालयात, परवानगीच्या फेऱ्यात न पडता होतो. म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला साठा केंद्रातून ओरेगॉन-आर हा साधा वाण मागवावा. फणसावरून पकडलेली चिलटं नकोत. आपल्याकडे एकाच फणसावर तीन-चार जातींची मिळतात, पाठीवर चंदेरी पांढऱ्या रेघा असलेलं झॅप्रिओनस तर सर्रास. नव्या कुपीत २०-२० नर, दर गटाला सहा कुप्या. पाचव्या, पंधराव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी चढण्याची चाचणी. एका गटाला भरपूर यीस्टचं अन्न, दुसऱ्याला अर्ध्या यीस्टचं, बाकी सगळं सारखं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावं. हवा कोरडी असते, कुप्या एका रात्रीत सुकतात, माइट कमी असतात. जानेवारीअखेर शेवटचं चिलट मोजून होतं, आणि बागेत आंबा पिकून चिलटं वाढायच्या आत कुप्या धुऊन कपाटात जातात.